ऑडिओ कन्व्हर्टर मध्येच बंद पडतोय? आधी फाइल तपासा, मग प्रोग्रॅम

कीर्तनाच्या दोनशे फाइली एमपी थ्री करायला लावल्या आणि निम्म्या वाटेत कन्व्हर्टरची खिडकीच नाहीशी झाली. अशा वेळी हमखास तीन सल्ले मिळतात: प्रोग्रॅम काढून पुन्हा टाका, कोडेक पॅक (वेगवेगळे फॉरमॅट वाचणाऱ्या तुकड्यांचा गठ्ठा) टाका, ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा. तिन्ही बाजूला ठेवा. जो प्रोग्रॅम शंभर फाइली नीट बदलतो आणि एकशे एकाव्या फाइलीवर कोसळतो, त्याचं स्वतःचं काही बिघडलेलं नसतं. त्याला न पचणारी फाइल मिळालेली असते. तो पुन्हा टाकलात तर पुन्हा तिथेच पडेल. कोडेक पॅक तर मुळीच नको. ऑडॅसिटी किंवा फूबार २००० या आवाजाच्या प्रोग्रॅमना त्यातलं काही लागत नाही, आणि पॅकमधल्या जुन्या फिल्टरांमुळे इतर प्रोग्रॅम बिघडतात ते वेगळंच.

नाशिकच्या घरांमध्ये आणि मंडळांमध्ये जे रेकॉर्डिंग पडून आहे, ते बहुतेक एकदाच झालेलं आहे. गोदाघाटावर वसंत व्याख्यानमालेत ऐकलेलं भाषण, काळाराम मंदिरातलं कीर्तन, आजीच्या आवाजातल्या जात्यावरच्या ओव्या पुन्हा कुठून आणणार? म्हणून मूळ फाइलींची प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्या आणि इथून पुढचं प्रत्येक काम प्रतीवरच करा.

कोणत्या फाइलीवर पडतो ते शोधा

कन्व्हर्टरच्या सेटिंगमध्ये एका वेळी किती फाइली बदलायच्या, हा आकडा असतो. तो १ करा. चार-आठ फाइली एकदम चालू असल्या तर कोणती अडली ते कळत नाही. एक-एक चालू असली की शेवटची अर्धवट तयार झालेली फाइल म्हणजेच गुन्हेगार. ती बाजूला काढा आणि बाकीच्या पुन्हा लावा. सगळ्या सुरळीत पार पडल्या तर प्रोग्रॅमला हात लावायचं कारणच उरलं नाही.

‘नॉट रिस्पॉन्डिंग’ दिसलं म्हणजे प्रोग्रॅम पडला, असं समजू नका. तीन तासांची फाइल जुन्या हार्ड डिस्कवर लिहिताना खिडकी काही मिनिटं गोठू शकते. टास्क मॅनेजरमध्ये डिस्कचा आकडा हलत असेल तर थांबा. आणि प्रोग्रॅमऐवजी अख्खा लॅपटॉपच बंद पडत असेल, तर संशय उष्णतेवर किंवा रॅमवर घ्या. नाशिकचा पारा एप्रिल-मेमध्ये चाळिशी ओलांडतो, आणि प्रोसेसरचे सगळे कोअर तासभर राबवणारं हे काम गादीवर ठेवलेल्या लॅपटॉपवर करू नये.

विंडोजने काय नोंदवलं आहे ते वाचा

स्टार्टमध्ये ‘इव्हेंट व्ह्यूअर’ शोधा, ‘विंडोज लॉग्ज’मधलं ‘ॲप्लिकेशन’ उघडा आणि पडण्याच्या वेळची लाल खुणेची, १००० क्रमांकाची नोंद पाहा. तिच्यात दोन गोष्टी कामाच्या आहेत. पहिली, ‘फॉल्टिंग मॉड्यूल’चं, म्हणजे चूक जिथे झाली त्या भागाचं नाव. ते एखाद्या प्लगइनचं (वरून जोडलेल्या छोट्या प्रोग्रॅमचं) किंवा कोडेक पॅकमधल्या तुकड्याचं असेल तर ते काढून टाका, प्रश्न मिटला. ‘एनटीडीएलएल’ असं असेल तर त्यावरून काहीच ठरत नाही, कारण तो विंडोजचा स्वतःचा भाग आहे आणि दुसऱ्याची चूक बहुधा तिथे येऊन उघडी पडते.

दुसरी गोष्ट म्हणजे एक्सेप्शन कोड, म्हणजे चुकीचा प्रकार सांगणारा क्रमांक. सी, मग सहा शून्यं आणि शेवटी ५ असं असेल तर प्रोग्रॅमने आपली नसलेली मेमरी वाचायला घेतली. खराब फाइलीवर पडणाऱ्या कन्व्हर्टरमध्ये बहुधा हाच दिसतो. शेवटी ‘१डी’ असेल तर प्रोसेसरला न समजणारी सूचना मिळाली. नवा प्रोग्रॅम फार जुन्या कॉम्प्युटरवर चालवला की हे होतं, आणि तिथे प्रोग्रॅमची जुनी आवृत्ती हाच उपाय.

सोप्या शंका झटपट मिटवा

सी ड्राइव्हवर फक्त इंग्रजी अक्षरांत छोटं नाव दिलेला फोल्डर करा, अडलेली फाइल तिथे आणा, तिला ‘१’ असं नाव द्या आणि पुन्हा चालवा. एवढ्याने तीन शंका एकदम संपतात: जुन्या प्रोग्रॅमना न वाचता येणारी देवनागरी नावं, २६० अक्षरांपेक्षा लांब झालेला पत्ता, आणि वनड्राइव्हवर ढगाची खूण घेऊन पडलेली, प्रत्यक्षात डाउनलोडच न झालेली फाइल. देवनागरी नावांसाठी विंडोजची यूटीएफ-८ची (सगळ्या लिप्या सामावणाऱ्या अक्षरसंचाची) चाचणी सोय चालू करण्याचा सल्ला फिरतो. तो मानू नका, त्याने इतर जुने मराठी प्रोग्रॅम कोलमडू शकतात.

सी ड्राइव्हवर जागा आहे ना पाहा, कारण तात्पुरत्या फाइली तिथेच पडतात. लिहिताना अडत असेल तर विंडोज सिक्युरिटीतलं, अनोळखी प्रोग्रॅमना फोल्डरमध्ये लिहू न देणारं ‘कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस’ तपासा.

मग फाइल मीडियाइन्फोमध्ये, म्हणजे आतला खरा फॉरमॅट दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडा. नाव एमपी थ्रीचं आणि आत एएसी हा दुसराच फॉरमॅट, असं सर्रास आढळतं, कारण कुणीतरी फक्त नावाचं शेपूट (टिंबानंतरची अक्षरं) बदललेलं असतं. नाव बदलल्याने फॉरमॅट बदलत नाही. व्हॉट्सॲपची व्हॉइस नोट म्हणजे ऑग डब्यातला ऑपस, जुन्या फोनचं कॉल रेकॉर्डिंग म्हणजे बहुधा ८ किलोहर्ट्झचा एएमआर. आतल्या फॉरमॅटचं खरं शेपूट द्या, अर्ध्या फाइली तिथेच सुटतील.

एमपी थ्री असेल तर एमपी थ्री टॅग या प्रोग्रॅमने प्रतीवरचे सगळे टॅग (फाइलीत लिहिलेली नाव, गायक अशी माहिती) पुसून पाहा. देवाचा पाच एमबीचा फोटो कव्हर म्हणून चिकटवलेला असतो, किंवा टॅगची लांबी चुकीची लिहिलेली असते, आणि कन्व्हर्टर तिथेच अडखळतो. टॅग नंतर पुन्हा लिहिता येतात.

खरी कसोटी: डोकं तुटलेली वेव्ह फाइल

रेकॉर्डर किंवा लॅपटॉप लावला आहे, कार्यक्रम रंगला आहे आणि लाइट गेली. किंवा बॅटरी संपली, किंवा कुणी कार्ड ओढून काढलं. वेव्ह (.wav) फाइलीच्या सुरुवातीला एक छोटा भाग, म्हणजे तिचं डोकं असतं आणि त्यात ‘पुढे इतका आवाज आहे’ अशी लांबी लिहिलेली असते. ही लांबी रेकॉर्डिंग थांबवताना शेवटी भरली जाते. मध्येच वीज गेली तर तिथे शून्य किंवा भलताच आकडा राहतो. क्रेट द्राक्षांनी भरलेला आणि चिठ्ठीवर वजन शून्य, अशी ही गत. कन्व्हर्टर चिठ्ठीवर विश्वास ठेवतो आणि पडतो, किंवा ‘फाइल रिकामी’ म्हणून पुढे जातो. आवाज मात्र आत शाबूत असतो. अशी फाइल पुसणाऱ्यांना कळकळीने सांगणं आहे: आधी तिचा आकार बघा.

सीडी दर्जाचा स्टिरिओ आवाज, म्हणजे ४४,१०० हर्ट्झ आणि १६ बिट, सेकंदाला १,७६,४०० बाइट घेतो. एका तासाची फाइल विंडोजमध्ये साधारण ६०५ एमबी दिसते, मोनो असेल तर निम्मी. दोन तासांच्या कार्यक्रमाची फाइल बाराशे एमबीच्या आसपास असेल तर सगळं मिळणार. आकार शून्य दाखवत असेल तर गोष्ट वेगळी: त्या कार्डवर आता काहीही लिहू नका, फोटोरेक या मोफत प्रोग्रॅमने कार्ड तपासा आणि सापडलेलं दुसऱ्या डिस्कवर साठवा.

ऑडॅसिटीत ‘फाइल’, ‘इम्पोर्ट’, ‘रॉ डेटा’ या वाटेने जा. फाइल साध्या ‘ओपन’ने उघडू नका, तसं केलं तर ऑडॅसिटीही त्या खोट्या चिठ्ठीकडेच बघेल. रॉ डेटात तुम्ही सांगाल तेच खरं धरलं जातं: साइन्ड १६ बिट पीसीएम, लिटल एंडियन, स्टिरिओ, सुरुवातीचे, म्हणजे डोक्याचे ४४ बाइट सोडून, ४४,१०० हर्ट्झ. प्रोग्रॅम स्वतः काही अंदाज सुचवत असेल तर तो स्वीकारू नका, रेकॉर्डरच्या सेटिंगमध्ये जे होतं तेच भरा. रेकॉर्डर हाताशी असेल तर त्याच दिवसाची दुसरी, चांगली फाइल मीडियाइन्फोत उघडून आकडे तिथून घ्या. हा सगळ्यात खात्रीचा मार्ग.

आता कानाने ठरवायचं.

सतत खरखराट, धबधब्यासारखा खर्र आवाज आणि आत कुठेतरी पुसट बोलणं: बाइटांची जुळणी चुकली आहे. १६ बिटला सोडायचे बाइट सम संख्येत हवेत, ४४ ऐवजी ४५ टाकले तर नुसता खरखराट. फाइल २४ बिटची असेल तर अनुक्रमे ४४, ४५, ४६ टाकून पाहा. तिघांपैकी एकाला आवाज स्वच्छ येतोच. तिघांनाही आला नाही तर बिटांचा अंदाज चुकला. हे न करता थेट ‘नॉइज रिडक्शन’ लावणारे लोक चांगलं रेकॉर्डिंग कायमचं खराब करतात. ही खरखर बाहेरून शिरलेली नाही, वाचण्याच्या चुकीने तयार झालेली आहे, आणि आकडा दुरुस्त केला की ती पूर्ण जाते.

दुप्पट वेगात, चिरकं बोलणं: मोनो फाइल स्टिरिओ म्हणून वाचली. निम्म्या वेगात, घोगरं बोलणं: स्टिरिओ मोनो म्हणून वाचली.

सगळ्यात फसवी चूक सॅम्पल रेटची, म्हणजे सेकंदाला आवाजाचे किती नमुने घेतले त्या हर्ट्झमधल्या आकड्याची. ४८,००० ची फाइल ४४,१०० म्हणून वाचली तर बोलणं जरा संथ वाटतं आणि सूर सुमारे दीड अर्धस्वर उतरतो. व्याख्यानात हे लक्षातही येत नाही आणि फाइल तशीच जतन होते. गाण्याचं रेकॉर्डिंग असेल तर पेटीवर पडताळा: काळी दोनमध्ये म्हटलेला अभंग काळी एक आणि पांढरी दोन यांच्या मधे, कुठल्याच पट्टीवर न बसणाऱ्या सुरात येईल. पेटीशी न जुळणारा सूर हा इथे पक्का पुरावा आहे. व्याख्यान असेल तर कार्यक्रमाची खरी वेळ आणि फाइलीची लांबी जुळते का, तेवढं पाहा. तासाला सव्वापाच मिनिटांचा फरक म्हणजे हीच चूक.

सुरुवातीला ‘टक्’ असा आवाज आला तर घाबरू नका. बरेच रेकॉर्डर डोक्याच्या भागात तारीख आणि इतर नोंदी भरतात, त्यामुळे तो ४४ बाइटांपेक्षा मोठा असतो आणि उरलेला भाग आवाज समजून वाजवला जातो. तेवढं कापून टाका. डावा-उजवा उलटा झाला असेल तर १६ बिटला २ बाइट आणि २४ बिटला ३ बाइट जास्त सोडा.

जमलं की फ्लॅकमध्ये, म्हणजे आवाज न गमावता आकार कमी करणाऱ्या फॉरमॅटमध्ये साठवा. एमपी थ्री नंतर, या फ्लॅकवरून.

चार जीबीची भिंत

वेव्हमधली ती लांबी ३२ बिटांत लिहिली जाते, म्हणून ४ जीबीच्या पुढे आकडाच मावत नाही. सीडी दर्जाला ही हद्द पावणेसात तासांनी येते, पण ९६ किलोहर्ट्झ, २४ बिटला दोन तास चार मिनिटांतच. काही प्रोग्रॅम २ जीबीलाच अडतात. रात्रभराचा जागर उच्च दर्जात एका सलग फाइलीत घेतला तर कन्व्हर्टर पडणारच. रेकॉर्डरमध्ये फाइल तुकड्यांत घेण्याची सोय असेल तर ती वापरा, नाहीतर आरएफ ६४ (४ जीबीच्या पुढे जाणारा वेव्हचाच प्रकार) किंवा फ्लॅक निवडा. पेन ड्राइव्ह फॅट ३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल तर तोही ४ जीबीची एक फाइल घेत नाही. तो एक्सफॅटने फॉरमॅट करा, अर्थात आतला माल आधी काढून.

प्रोग्रॅम ३२ बिटचा असेल तर त्याला विंडोजमध्ये सहसा २ जीबीच मेमरी मिळते. मशीनमध्ये १६ जीबी रॅम असूनही तो लांब फाइलीवर पडतो. ६४ बिटची आवृत्ती घ्या.

फोनचं अर्धवट रेकॉर्डिंग

एम फोर ए फाइलीची अनुक्रमणिका बहुधा शेवटी लिहिली जाते. फोन मध्येच बंद पडला तर ती नसतेच, आणि ‘मूव्ह ॲटम’ सापडला नाही असा संदेश येतो. वेव्हसारखी रॉ डेटाची युक्ती इथे चालत नाही. त्याच फोनवर, त्याच ॲपने, त्याच सेटिंगमध्ये एक-दोन मिनिटांचं नवं रेकॉर्डिंग करा आणि ती नमुना फाइल अनट्रंक या प्रोग्रॅमला द्या. दुसऱ्या फोनचा नमुना उपयोगाचा नाही. ‘ऑनलाइन दुरुस्ती’च्या अनोळखी साइटवर घरातली फाइल चढवू नका.

ढोलाचं रेकॉर्डिंग आणि ३२ बिट फ्लोट

एमपी थ्री करताना लेम (एमपी थ्री तयार करणारा प्रोग्रॅम) ‘असर्शन फेल्ड’ म्हणत पडला, तर फाइल बहुधा ३२ बिट फ्लोट, म्हणजे अपूर्णांकांत साठवलेली आहे आणि तिच्यात एखाद्या प्लगइनने ‘ही संख्याच नाही’ अशी मूल्यं सोडली आहेत. आवाज मोठा आहे हे याचं कारण नाही, ढोल कितीही वाजला तरी ती मूल्यं मायक्रोफोनमधून येत नाहीत. आधी फाइल २४ बिट पूर्णांकात साठवा, मग एमपी थ्री करा. लक्षात ठेवा, एमपी थ्री ४८ किलोहर्ट्झच्या पुढे जात नाही. ९६ ची फाइल असेल आणि प्रोग्रॅम आपणहून रेट उतरवत नसेल, तर ४८ स्वतः निवडा.

सगळं पार पडल्यावर प्रत्येक नव्या फाइलीची लांबी मूळ फाइलीच्या लांबीशी जुळवा. डोकं तुटलेल्या वेव्हची लांबी खोटी असते, त्यामुळे तिथे आकाराला सेकंदाच्या बाइटांनी भागून आलेली वेळ धरा. सुरुवात, मध्य आणि शेवट अशा तीन जागी दहा-दहा सेकंद ऐका, आणि मगच डिस्कवर जागा करायचा विचार करा.