क्रीमच्या डबीमागचं बारीक अक्षर कसं वाचावं

वहिनीने हौसेने केशराची क्रीम आणली. झाकणावर केशराचं मोठं फूल. मी खोका उलटा केला, तर 'क्रोकस सटायव्हस', म्हणजे केशर, घटकांच्या यादीत तळाला, सुगंधाच्याही नंतर! "मग मी पैसे कशाचे दिले?" वहिनी म्हणाली. तिच्यासारख्या अनेकींसाठी हे लिहितेय.

आधी क्रम बघा. 1 टक्क्याहून जास्त असलेले घटक उतरत्या प्रमाणात छापतात. त्याखालचे कसेही मागेपुढे लिहिता येतात. ही सीमा ओळखायला 'फेनॉक्सीइथेनॉल' शोधा. क्रीम नासू नये म्हणून ते घालतात आणि त्याची कमाल मर्यादाच 1 टक्का आहे. म्हणजे त्याच्यानंतरचं काहीही 1 टक्क्यावर नाही. अर्थात कमी म्हणजे फुकट असं नव्हे. रेटिनॉल (सुरकुत्यांसाठीचं, अ जीवनसत्त्वाचं रूप), हायलुरोनिक ॲसिड (ओलावा धरणारं) एवढ्याशा प्रमाणातही काम करतात.

मग पहिली पाच-सहा नावं वाचा. डबीत मुख्यतः तेच असतं. बहुधा पाणी पहिलं. ग्लिसरीन पाणी धरून ठेवतं. पेट्रोलॅटम, म्हणजे साधी पेट्रोलियम जेली, ओलावा उडू देत नाही. म्हणून ती आंघोळीनंतर अंग दमट असतानाच लावावी. सीटिल अल्कोहोल नावाला घाबरू नका, तो मेणासारखा मऊ पदार्थ आहे. 'अल्कोहोल डिनॅट', म्हणजे चटकन उडून त्वचा सुकवणारं स्पिरिट, वरच्या नंबरात दिसलं आणि त्वचा कोरडी असेल, तर मात्र डबी परत ठेवा.

आता तुमच्या तक्रारीचा घटक शोधा. तेलकटपणा आणि डागांसाठी नायसिनामाइड, 2 ते 5 टक्के पुरतं. सॅलिसिलिक ॲसिड तेलात विरघळतं, म्हणून बुजलेल्या रंध्रांत शिरतं. मुरुमांना ते बरं. रेटिनॉल रात्रीच लावावं, दिवसा सनस्क्रीन हवंच, आणि दिवस गेले असतील तर ते अजिबात नको.

एका गोष्टीवर मी अडून बसते. गोरेपणाच्या क्रीमवर बीटामेथासोन, क्लोबेटासॉल किंवा मोमेटासोन दिसलं, तर ते स्टेरॉइड आहे, म्हणजे औषध. मैत्रिणीने सुचवलं म्हणून चेहऱ्याला फासू नका. त्वचा पातळ होते, लाल पडते, आणि थांबवलं की आग उसळते. आधीच लावत असाल तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.

नवीन काहीही आधी कोपराच्या आतल्या बाजूला रोज थोडं, आठवडाभर लावून बघा. खाज, पुरळ आली नाही, तरच चेहऱ्यावर.