अमेरिकेतील ऑइल चेंज: फिल्टरची आणि दुकानाची पारख

अमेरिकेत शिकायला किंवा नोकरीला आलेल्या आपल्याकडच्या अनेकांची पहिली गाडी जुनी टोयोटा कोरोला किंवा होंडा सिव्हिक असते, आणि गाडी घेतल्यावर थोड्याच दिवसांत तिचे ऑइल कुठे बदलायचे हा प्रश्न उभा राहतो. ओळखीचा गॅरेजवाला नसतो आणि भाड्याच्या घराच्या पार्किंगमध्ये गाडीखाली शिरण्याची बहुधा परवानगी नसते. त्यामुळे जिफी ल्यूब, व्हॅल्व्होलीन किंवा टेक फाइव्ह यांसारख्या दुकानांकडे पावले वळतात, जिथे आधी वेळ न ठरवता जाता येते, गाडी खड्ड्यावर उभी राहते, एक कामगार खालून जुने ऑइल सोडतो, दुसरा वरून नवे भरतो आणि वीस मिनिटांत आपण रस्त्याला लागतो. टेक्सासमध्ये राहताना स्वतःची आणि नव्याने आलेल्या मुलांची गाडी घेऊन मी अशा दुकानांत बरेचदा गेलो आहे, आणि माझे मत असे झाले आहे की ऑइलसोबत बदलला जाणारा, ऑइलमधला कचरा गाळणारा फिल्टर कोणत्या कंपनीचा आहे याची चिंता लोक गरजेपेक्षा जास्त करतात आणि तो कोणी, कसा बसवला याची फारच कमी.

तरीही फिल्टर म्हणजे काय हे माहीत असलेले बरे. पत्र्याच्या डब्यासारख्या फिल्टरमध्ये घड्या घातलेला कागद, तो चेपू नये म्हणून मधोमध नळी, इंजिन बंद असताना ऑइल परत ओघळू नये म्हणून रबरी झडप आणि बहुधा कागद तुंबल्यास ऑइलला पर्यायी वाट देणारी बायपास झडप असते. कागद निव्वळ सेल्युलोजचा आहे की त्यात कृत्रिम तंतू मिसळले आहेत, यावर त्याची गाळण्याची क्षमता आणि तो किती मैल टिकेल हे बरेचसे ठरते. खोक्यावर नुसते ‘९९ टक्के’ लिहिलेले असेल तर त्याला फारसा अर्थ नाही. किती मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कणांसाठी आणि कोणत्या चाचणीनुसार हे सोबत हवे. चांगले उत्पादक आयएसओ ४५४८-१२ या चाचणीचा आणि बहुधा २० मायक्रॉनचा उल्लेख करतात. रबरी झडप सिलिकॉनची असेल तर ती उष्णतेत आणि थंडीत साध्या नायट्राइल रबरापेक्षा जास्त काळ लवचिक राहते. फिल्टर आडवा बसणाऱ्या इंजिनांत हा फरक जाणवतो, कारण झडप कडक झाली की रात्रभरात ऑइल उतरते आणि सकाळी गाडी सुरू करताना क्षणभर खडखड ऐकू येते. तोंड वर करून बसणाऱ्या फिल्टरमध्ये मात्र तिचे महत्त्व कमी असते.

डब्याच्या बाहेरून यातले फारसे काही दिसत नाही. म्हणून माझा सल्ला असा आहे की दुकानात ब्रँड विचारण्याऐवजी फिल्टरचा क्रमांक विचारावा आणि तो आपल्या गाडीच्या वर्षाला व इंजिनाला लागू आहे का, हे उत्पादकाच्या संकेतस्थळावर तिथेच उभ्याने पाहावे. आटे जुळले म्हणजे फिल्टर जुळला असे होत नाही. काही इंजिनांत बायपास झडप फिल्टरमध्ये असते, काहींत इंजिनाच्या बाजूला, आणि ती उघडण्याचा दाबही वेगवेगळा असतो. शंका असेल तर डीलरच्या पार्ट्स काउंटरवरून मूळ कंपनीचा फिल्टर घ्यावा. काही दुकाने असा आणलेला फिल्टर लावून देतात, काही नकार देतात, म्हणून आधी फोन करावा.

आता बसवणाऱ्याविषयी, कारण नुकसान होते ते बहुधा इथे. जुना फिल्टर काढताना त्याची रबरी रिंग कधीकधी इंजिनालाच चिकटून राहते आणि तिच्यावर नवा फिल्टर रिंगेसह बसतो. दोन रिंगा एकमेकींवर धरत नाहीत आणि ऑइलचा दाब वाढताच सगळे ऑइल रस्त्यावर येते. आमच्या एका कनिष्ठ मित्राच्या सिव्हिकचे हेच झाले. हायवेवर डॅशबोर्डवरचा ऑइलचा लाल दिवा लागताच त्याने गाडी बंद केली म्हणून इंजिन वाचले. कोरोलाच्या अनेक मॉडेलांत डब्याऐवजी आतला नुसता कागदी फिल्टर बदलतात. त्याच्या मूळ खोक्यात नवी रबरी रिंग येते, ती प्रत्यक्षात बदलली का हे विचारावे, आणि झाकण २५ न्यूटन-मीटरला (आवळण्याच्या जोराचे एकक) आवळायचे असते हे लक्षात ठेवावे. ड्रेन प्लगचा, म्हणजे जुने ऑइल सोडण्याच्या भोकाच्या बुचाचा, वॉशर दर वेळी नवा हवा. होंडात तो अॅल्युमिनियमचा असतो आणि प्लग साधारण ४० न्यूटन-मीटरला आवळायचा असतो. हवेवर चालणाऱ्या गनने प्लग घट्ट करणारा कामगार दिसला तर ते दुकान सोडावे, कारण खाली ऑइल पॅनचे, म्हणजे ऑइल साठणाऱ्या इंजिनाच्या तळाच्या भांड्याचे, आटे गेले की खर्च ऑइल चेंजच्या कितीतरी पट होतो. सुबारू असेल तर अधिक सावध राहावे, कारण तिथे इंजिनाऐवजी गिअरबॉक्सचे तेल सोडले गेल्याचे आणि इंजिनात दुप्पट ऑइल भरले गेल्याचे प्रकार सर्वश्रुत आहेत.

ऑइलचे प्रमाणही स्वतः पाहावे. पॅकेजमध्ये ‘५ क्वार्टपर्यंत’ असे असते, पण १.८ लीटर इंजिनाच्या कोरोलाला फिल्टरसह ४.४ क्वार्ट म्हणजे सुमारे ४.२ लीटर पुरते. चांगल्या दुकानातले लोक हूड (बॉनेट) बंद करण्यापूर्वी डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी मोजण्याची पट्टी, काढून तुम्हाला दाखवतात, आणि खालचा व वरचा कामगार मोठ्याने एकमेकांना ‘प्लग घट्ट, फिल्टर घट्ट’ असे सांगतात. हा आरडाओरडा नवख्याला विचित्र वाटतो, पण मला तो ऐकू आला की बरे वाटते.

एअर फिल्टर, केबिन फिल्टर (गाडीच्या आत येणारी हवा गाळणारा), इंजिन फ्लश (इंजिन आतून धुणे) वगैरेंचा आग्रह होणारच. नम्रपणे नाही म्हणावे. पहिले दोन फिल्टर बहुतेक गाड्यांत घरी दहा मिनिटांत बदलता येतात. काचेवर ३,००० मैलांचे स्टिकर लावले तरी आपल्या गाडीची पुस्तिका काय सांगते ते प्रमाण मानावे.

बिलावर तारीख, मैल, ऑइलचा ग्रेड, म्हणजे ०डब्ल्यू-२० यासारखा दाटपणा सांगणारा आकडा, आणि फिल्टरचा क्रमांक आहे याची खात्री करून मगच सही करावी. नवी गाडी असेल तर हे अधिकच महत्त्वाचे आहे. १९७५ च्या मॅग्नसन-मॉस वॉरंटी कायद्यानुसार बाहेर ऑइल बदलले एवढ्याच कारणाने कंपनीला वॉरंटी नाकारता येत नाही, परंतु वेळेवर देखभाल केल्याचा पुरावा तुमच्याकडे असावा लागतो. दुकानातून निघाल्यावर जवळच सपाट जागी थांबावे, इंजिन बंद करून पाच मिनिटांनी डिपस्टिक पाहावी, गाडीखाली डोकावावे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पार्किंगच्या जागेवर ताजा डाग आहे का ते बघावे. डाग दिसल्यास गाडी सुरू न करता फोटो काढावा, दुकानाच्या मॅनेजरला फोन करून तक्रार लेखी नोंदवून घ्यावी आणि टो ट्रक त्यांच्या खर्चाने पाठवायला सांगावे.