प्रथमोपचार पेटीला कुलूप नको

शाळेत प्रथमोपचार पेटी आहे का, असे तपासणीच्या वेळी विचारले जाते आणि ‘आहे’ असे उत्तर दिले की विषय संपतो. मी पूर्वी ज्या जिल्हा परिषद शाळेत होतो तिथेही पेटी होती. तिसरीतला एक मुलगा हापशाच्या ओट्यावरून घसरला आणि त्याची हनुवटी फुटली, तेव्हा ती पेटी कार्यालयातल्या लोखंडी कपाटात होती, कपाटाची किल्ली मुख्याध्यापकांच्या खिशात होती आणि मुख्याध्यापक शिक्षण परिषदेला गेले होते. पोषण आहार शिजवणाऱ्या ताईंनी धुतलेला पंचा घडी करून जखमेवर दाबून धरला, म्हणून रक्त थांबले. दुसऱ्या दिवशी पेटी उघडली, तर कापूस पिवळा पडला होता, आयोडिनच्या बाटलीचे झाकण घट्ट चिकटून बसले होते आणि चिकटपट्टीचा डिंक उन्हाळ्यात वितळून कागदालाच धरला होता. त्यामुळे पेटीत काय ठेवावे याआधी ती कुठे ठेवावी हे ठरवावे लागते. ती वर्गाच्या किंवा व्हरांड्याच्या भिंतीवर, लहान मुलांचा हात पोहोचणार नाही पण कोणत्याही मोठ्या माणसाला लगेच काढता येईल अशा उंचीवर, ऊन आणि ओल लागणार नाही अशा जागी असावी, आणि तिला कडी असावी, कुलूप नसावे.

पेटीत फार काही लागत नाही. निर्जंतुक गॉझच्या सुट्या पाकिटांचा चांगला साठा, वेगवेगळ्या रुंदीच्या बँडेजच्या गुंडाळ्या, एक-दोन क्रेप बँडेज, हात गळ्यात अडकवण्यासाठी त्रिकोणी कापड, चिकटपट्टी, बोथट टोकाची कात्री, काटा काढायचा चिमटा, वापरून टाकायचे हातमोजे, पोव्हिडोन आयोडिनचे मलम, डिजिटल थर्मामीटर, साबण, टॉर्च आणि जलसंजीवनीची पाकिटे एवढे पुरते. कापूस थेट जखमेवर ठेवू नये, कारण त्याचे धागे जखमेत अडकतात. गोळ्यांचा साठा मात्र करू नये. ताप आला, पोट दुखले म्हणून आपल्या अंदाजाने गोळी देणे हे शिक्षकाचे काम नाही, आणि ॲस्पिरिन तर मुलांना डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय कधीच देऊ नये. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी पेटी रिकामी करून मुदतीच्या तारखा पाहाव्यात, संपलेले सामान वहीत लिहावे आणि पेटीच्या झाकणावर आतून तपासणीची तारीख व सही करावी. सामानाचा खर्च शाळा अनुदानातून कसा भागवायचा, हा विषय शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत घेऊन ठराव करून ठेवावा, म्हणजे गॉझ संपल्यावर कोणी स्वतःच्या खिशात हात घालत बसत नाही.

सामानापेक्षा अवघड भाग माणसांचा आहे. द्विशिक्षकी शाळेत एक शिक्षक जखमी मुलाबरोबर गेला की उरलेला शिक्षक सगळ्या वर्गांना एकटा असतो, आणि त्या दिवशी एकाची रजा असेल तर कोणालाच हलता येत नाही. म्हणून शाळेजवळ राहणारे दोन पालक, अंगणवाडीताई, आशाताई आणि गाडी असलेला एक शेजारी यांच्याशी आधीच बोलून त्यांचे क्रमांक भिंतीवर लावावेत. त्याखाली रुग्णवाहिकेसाठी १०८, कोणत्याही आपत्तीसाठी ११२, आणि प्राथमिक आरोग्य केंद्राचा क्रमांक लिहावा. १०८ वर बोलणाऱ्याला गाव, तालुका, जिल्हा आणि जवळची खूण विचारतात. घाबरलेल्या माणसाला हे सुचत नाही, म्हणून शाळेचा पूर्ण पत्ता, आणि पावसाळ्यात गाडी नेमकी कुठपर्यंत येते तेही, त्याच कागदावर लिहावे. आमच्याकडे मोबाइलची रेंज फक्त पाण्याच्या टाकीजवळ मिळायची, आणि नव्याने आलेल्या शिक्षकांना ही गोष्ट कोणी सांगितलेली नव्हती.

वर्षाच्या सुरुवातीला पालकांकडून प्रत्येक मुलाची माहिती घ्यावी: दमा, फिट, मधुमेह, हृदयाचा त्रास, कशाची ॲलर्जी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक तपासणीला येते तेव्हा त्यांच्या नोंदीही पाहून घ्याव्यात. नंदुरबार, गडचिरोली यांसारख्या जिल्ह्यांत सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार असलेली मुले वर्गात असतात. त्यांना तासाच्या मध्येही पाणी प्यायला जाऊ द्यावे, कारण शरीरातले पाणी कमी झाले की त्यांना असह्य वेदना सुरू होऊ शकतात. दम्याचा पंप मुलाच्या दप्तरात किंवा वर्गशिक्षकाच्या टेबलावर असावा.

रोजचे प्रसंग साधे असतात, पण त्यांत जुन्या समजुती आड येतात. घोळणा फुटला की मुलाला मान मागे टाकून झोपवले जाते आणि रक्त घशात उतरते. त्याऐवजी त्याला बसवून किंचित पुढे वाकवावे, नाकाचा मऊ भाग १० मिनिटे सलग चिमटीत धरावा आणि तोंडाने श्वास घ्यायला सांगावे. फिट आली तर चप्पल किंवा कांदा हुंगवू नये, दातांत चमचा घालू नये, हातपाय दाबून धरू नयेत. आजूबाजूचे बाक सरकवावेत, डोक्याखाली दप्तर द्यावे, झटके थांबले की कुशीवर वळवावे आणि घड्याळ पाहावे. झटके ५ मिनिटांहून जास्त टिकले, तर १०८ ला बोलवावे. स्वयंपाकघरात भाजले तर हळद, टूथपेस्ट किंवा शाई न लावता भाजलेला भाग २० मिनिटे वाहत्या साध्या पाण्याखाली धरावा. कुत्रा चावला तर जखम साबण लावून १५ मिनिटे धुवावी आणि मूल त्याच दिवशी लसीसाठी न्यावे, ओरखडा लहान असला तरीही.

सर्पदंशावर थोडे थांबून लिहितो, कारण आपल्याकडच्या शाळांभोवती गवत असते, पोषण आहाराच्या सरपणाचा ढीग असतो आणि कौलांत उंदीर असतात. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे आपल्याकडचे चार मुख्य विषारी साप. दंश झाला की मुलाला चालू देऊ नये, आडवे करून धीर द्यावा, बांगड्या, अंगठी, पैंजण काढावेत आणि दंश झालेला हात किंवा पाय पट्टी अथवा लाकडी फुटपट्टी लावून, मोडलेल्या हाडासारखा स्थिर करावा. दोरीने आवळणे, ब्लेडने चीर देणे, रक्त चोखणे यांनी नुकसानच होते. साप मारण्यात किंवा शोधण्यात वेळ घालवू नये. चारही सापांच्या विषावर एकच प्रतिसर्पविष चालते. मांत्रिकाकडे नेण्याचा आग्रह ऐन वेळी होतो, म्हणून हा विषय पालकसभेत आधीच काढावा. विंचूदंशातही मुलाला तातडीने दवाखान्यात न्यावे. कोकणातल्या लाल विंचवाच्या दंशावर महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी प्राझोसिनचा उपचार रुजवला आणि मृत्यू खूप कमी झाले, पण ते औषध वेळेत मिळाले तरच त्याचा उपयोग होतो. वर्गाबाहेर काढलेल्या चपला झटकून घालण्याची सवय पहिलीपासून लावावी.

आगीच्या बाबतीत तमिळनाडूतल्या कुंभकोणमचे उदाहरण विसरता येत नाही. १६ जुलै २००४ रोजी शाळेच्या स्वयंपाकघरातली आग गवती छपरापर्यंत पोहोचली आणि ९४ मुले गेली. त्यानंतर २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शाळांमधील अग्निसुरक्षेबाबत निर्देश दिले. आपल्या शाळेत एवढे पाहावे की अग्निशामक सिलिंडरच्या दाबमापकाचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे, स्वयंपाक झाल्यावर गॅसचा रेग्युलेटर बंद केला जातो आणि दाराशी तांदळाची पोती किंवा सायकली रचलेल्या नाहीत. अग्निशामकाची पिन काढून नळी ज्वाळांकडे न धरता आगीच्या बुडाशी धरायची असते. हे शिक्षकांबरोबर स्वयंपाकीण ताईंनाही दाखवावे, कारण आगीजवळ रोज त्याच असतात.

शेवटी महिन्यातून एकदा, परिपाठ संपल्यावर, कोणालाही न सांगता एखाद्या मुलाचा पाय मुरगळला आहे असे समजावे आणि घड्याळ लावून पाहावे की पेटी किती वेळात येते, फोन कोण करते आणि बाकीच्या मुलांजवळ कोण थांबते. आमच्या पहिल्या सरावात पेटी ४ मिनिटांत आली, आणि तिच्यात कात्री नव्हती. ती चित्रकलेच्या तासाला गेली होती.