नादारीआधी सातबारा भावाच्या नावावर? या चुका टाळा

केळीचा भाव कोसळला, जिनिंगमध्ये पैसा अडकला, पतसंस्थेची नोटीस दारात आली, की आमच्या जळगाव-धुळ्याकडे पहिला सल्ला पारावर मिळतो. “आबा, भाऊना नावे करी टाक, कोनले काय समजस?” दिवाणी कोर्टात अशा प्रकरणांचे कागद चाळत आलो आहे, म्हणून सांगतो, समजतं. फेरफार ऑनलाइन दिसतो आणि दुय्यम निबंधकाकडची सूची क्रमांक २ (नोंदवलेल्या दस्ताचा गोषवारा) देणेकऱ्याच्या, म्हणजे ज्याचं देणं आहे त्याच्या, वकिलालाही मिळते. तो तीच आधी काढतो.

नादारी म्हणजे कर्ज फेडणं आवाक्याबाहेर गेल्याचं कोर्टानं जाहीर करणं. त्याला कायदा कोणता, ते आधी बघा. २०१६ च्या नादारी व दिवाळखोरी संहितेचं नाव सगळ्यांच्या तोंडी असतं. पण तिचा व्यक्तींसाठीचा भाग १ डिसेंबर २०१९ पासून लागू झाला तो कंपनीच्या कर्जाला वैयक्तिक हमी दिलेल्यांपुरता. आपल्याकडचा शेतकरी, आडत्या, किराणा दुकानदार अजूनही १९२० च्या प्रांतिक नादारी कायद्याखाली जिल्ह्याच्या कोर्टात अर्ज करतो. कायदा इतका जुना की अर्जाला ५०० रुपयांचं कर्जही पुरतं!

बक्षीसपत्र आधी, अर्ज नंतर

बायकोच्या किंवा मुलाच्या नावे बक्षीसपत्राला मुद्रांक नाममात्र लागतो, म्हणून सगळ्यांना हीच वाट सुचते. या १९२० च्या कायद्याचं कलम ५३ तिथंच आडवं येतं. हस्तांतरणानंतर दोन वर्षांच्या आत नादारीचा अर्ज पडला आणि तुम्ही नादार ठरलात, तर कोर्ट ते हस्तांतरण रद्द करू शकतं. वाचतो तो सचोटीनं, खरी किंमत मोजून घेणारा. बक्षीस घेणाऱ्यानं किंमत मोजलेलीच नसते.

मग लोक म्हणतात, दोन वर्षं कळ काढू. इथं दोन अडचणी आहेत. देणेकऱ्यांना चुकवायला केलेलं हस्तांतरण हेच कलम ६ नुसार नादारीचं कृत्य आहे. त्याच्या आधारे तीन महिन्यांत देणेकरीच तुमच्याविरुद्ध अर्ज टाकू शकतो. म्हणजे जो कागद ढाल म्हणून केला, तोच त्याच्या हातातलं हत्यार होतो. शिवाय १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ५३ वेगळंच उभं असतं. त्याला नादारीचा अर्ज लागत नाही की ही दोन वर्षांची अट लागत नाही.

खरेदीखत आहे, पैसे कुठं आहेत?

शालकाला शेत ‘विकलं’, खतात बावीस लाख लिहिले, खात्यात मात्र एक रुपया आला नाही. किंवा आला आणि आठवड्यात परत गेला. रिसीव्हर, म्हणजे नादाराची मालमत्ता ताब्यात घ्यायला कोर्टानं नेमलेला माणूस, खातेउतारा मागवतो आणि पाच मिनिटांत गोष्ट संपते. त्यात ताबा तुमचाच, कापूसही तुम्हीच विकता, विक्रीची पट्टी तुमच्याच नावावर फाटते. मोबदल्याचा खोटा मजकूर लिहिणं हा वेगळा फौजदारी गुन्हा आहे, आणि त्यात शालकही अडकतो.

मित्राच्या नावावर ठेवणं त्याहून वाईट. बेनामी व्यवहार कायद्यानुसार अशी मालमत्ता सरकारजमा होऊ शकते, शिक्षा एक ते सात वर्षांची आहे. आणि उद्या मित्रानं हात वर केले, तर ‘जमीन खरी माझी’ म्हणून दावा लावायची सोयही कायद्यानं ठेवलेली नाही.

साडूचे हातउसने आधी फेडून बँकेला ठेंगा दाखवणं हीदेखील चूकच. अर्जाआधीच्या तीन महिन्यांत एकाच देणेकऱ्याला झुकतं माप द्यायचा हेतू दिसला, तर तो भरणा रद्द होतो. साडूला पैसे परत आणून द्यावे लागतात आणि पाहुण्यारावळ्यांत जायचा तो बोभाटा जातो.

वाचणारच होतं, तेच हलवलं

मला सगळ्यात जास्त हळहळ याची वाटते. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० मुळे शेतकऱ्याचं स्वतःच्या राहण्याचं घर, अवजारं, बैलजोडी, बियाणं, कारागिराची हत्यारं जप्तीतून वगळलेली आहेत, आणि नादारीतही ती रिसीव्हरकडे जात नाहीत. (तेच घर गहाण टाकून कर्ज काढलं असेल तर गोष्ट वेगळी.) भीतीपोटी माणूस हेच घर भावाच्या नावे करतो. मग घर त्याचं राहत नाही आणि कोर्टात तो प्रामाणिक कर्जदारही राहत नाही. मालमत्ता लपवल्याचं सिद्ध झालं तर नादारी कायद्याच्या कलम ६९ खाली एक वर्षापर्यंत कैद आहे, आणि ज्या कर्जमुक्तीसाठी हा खटाटोप केला ती अडते किंवा अटींसह मिळते.

बायकोचं स्त्रीधन तर मुळात तुमचं नाहीच. जळगावच्या सराफाकडच्या तिच्या नावच्या पावत्या, लग्नातले फोटो, याद्या जपून ठेवा. ते दागिने बहिणीच्या लॉकरमध्ये हलवलेत की उलट संशय ओढवून घ्याल.

करून बसलात तर

जुन्या तारखेचा स्टॅम्प शोधू नका. भावाला ते शेत पुढं विकू देऊ नका, गहाणही टाकू देऊ नका. अर्ज टाकायच्या आधी वकिलाला सगळं सांगा: कोणाला दिलं, कधी दिलं, पैसे आले का. परत नावावर घ्यायला नोंदणीकृत दस्त लागतो, मुद्रांक भरावा लागतो, म्हणून तो निर्णय वकिलाबरोबर बसूनच घ्या. परत घ्या वा न घ्या, अर्जाच्या यादीत तो व्यवहार लिहावाच लागेल. सातबारा, फेरफार, खातेउतारे घेऊनच पहिल्या भेटीला जा, आणि ज्याच्या नावे केलं त्यालाही सोबत न्या, कारण नोटीस त्याच्याही घरी जाणार आहे.