तांब्याची तार आणि डावा हात: प्लास्टिसिटी अशी शिकवा

पंचवटीत नववी-दहावीच्या मुलांना मी विज्ञान शिकवते. हा विषय मी फळ्यावर कधीच सुरू करत नाही. आधी तार हातात देते.

इलेक्ट्रिकच्या दुकानातून दोन मिलिमीटर जाडीची, आवरण नसलेली तांब्याची तार वीतभर आणा. हलकीच वाकवून सोडा, ती पूर्ववत होईल. ही स्थितिस्थापकता. आता चांगली काटकोनात वाकवा. सोडली तरी बाक तसाच राहतो, ही प्लास्टिसिटी. इथे थांबू नका, खरी गंमत पुढे आहे. तीच तार हाताने सरळ करायला सांगा. बाकाची जागा हटून बसते आणि तार तिच्या शेजारून वाकते. हे मुलांच्या बोटांना कळू द्या, घाईने उत्तर सांगू नका.

मग कारण सांगा. स्फटिकातल्या अणूंच्या रांगांत दोष असतात. तार वाकताना ते सरकतात, वाढतात, एकमेकांत अडकतात, म्हणून तिथे धातू कडक होतो. टेलर, ओरोवान आणि पोलानी या शास्त्रज्ञांनी १९३४ मध्ये ही कल्पना स्वतंत्रपणे मांडली. तांबट आळीतल्या कारागिरांच्या हातात मात्र हे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या आहे: ठोकून पत्रा कडक झाला की भट्टीत तापवून मऊ करायचा, नाहीतर तडकतो. तुम्हीही तार पक्कडीत धरून गॅसवर मंद लाल होईपर्यंत तापवा आणि पाण्यात बुडवा. (हे काम मोठ्यांनीच करायचं.) आता ती सहज वाकेल. पाण्यात बुडवूनही तार कडक का झाली नाही? पोलाद पाण्यात बुडवून कडक करतात, तांबं मऊच राहतं. हा प्रश्न मुलं विचारतातच.

मेंदूच्या बदलण्याच्या क्षमतेलाही प्लास्टिसिटीच म्हणतात, पण तिकडे वळताना सावध राहा. तारेचं उदाहरण तिथे ताणू नका. वाकवून वाकवून तार हट्टी होते. मेंदूत मात्र वापरातली वाट सोपी होत जाते, कारण चेतापेशींमधले जोड बळकट होतात. ब्लिस आणि लोमो या संशोधकांनी १९७३ मध्ये सशाच्या मेंदूत दाखवलं, की वेगाने दिलेल्या विद्युत स्पंदांनंतर जोडांचा प्रतिसाद कित्येक तास वाढलेला राहतो.

हे अनुभवायला मुलांना डाव्या हाताने स्वतःचं नाव लिहायला लावा, डावखुऱ्यांनी उजव्याने. रविवारी एकदम दोन तास नको, रोज दहा मिनिटं. झोपेला कात्री लावू नका. शिकलेलं पक्कं व्हायला झोप लागते. प्रत्येक पानावर तारीख घाला आणि महिनाभर एकही पान फाडू देऊ नका.