गाडी पाणी खातेय: गळती शोधायला बसण्याआधीची तयारी

पावसाळाभर उभी असलेली गाडी उसाच्या हंगामासाठी बाहेर काढली की हमखास ही तक्रार येते. खाली डाग नाही, तापमानाचा काटा जागेवर, तरी दोन-चार दिवसांनी रेडिएटरमध्ये लिटरभर ओतावं लागतं. कमिन्सचं सहा सिलिंडरी इंजिन असलेल्या टाटा १६१३सारख्या जुन्या ट्रकमध्ये अशी बारीक गळती शोधायची, तर निम्मं काम पाना हातात घेण्याआधीचं असतं. दिसेल ती होजची (पाण्याच्या रबरी नळीची) क्लिप आवळत सुटलात, तर पुरावा तुम्हीच पुसून टाकता.

पहिली तयारी वहीची. इंजिन थंड असताना पाण्याची पातळी बघा आणि भरतीची बाटली (रेडिएटरला जोडलेली जादा पाण्याची) असेल तर तिच्यावर रंगाच्या पेनने खूण करा. किती ओतलं ते मापाने मोजून लिहा. शेजारी किलोमीटर, गाडी भरलेली होती की रिकामी आणि वाटेत घाट होता का, एवढं हवंच. उभ्या गाडीत रातोरात पातळी उतरत असेल तर पाणी बहुधा बाहेर झिरपतंय. माल भरून करूळ घाट चढल्यावरच उतरत असेल तर संशय आधी रेडिएटरच्या झाकणावर आणि मग हेड गॅस्केटवर, म्हणजे इंजिनाच्या हेडखालच्या पॅकिंगवर. ही नोंद नसली की मिस्त्री अंदाजाने वॉटर पंप बदलतो आणि पाणी कमी व्हायचं ते होतच राहतं.

मग इंजिन धुऊन घ्या, पण पाण्याचा जोरदार फवारा रेडिएटरच्या जाळीवर आणि अल्टरनेटरवर मारू नका. तेलकट मातीच्या थराखाली थेंब दिसत नाही, तो मातीच पिऊन टाकते. धुतल्यावर गाडी एक फेरी मारून आणा, संध्याकाळी सपाट जागी लावा, चाकांना लाकडी ठोकळे द्या आणि इंजिनाखाली पुठ्ठे पसरा. सकाळी स्टार्टर मारण्याआधी टॉर्च आणि दांडीचा छोटा आरसा घेऊन बघा. ही वेळ चुकवू नका. थंडीत रबर आकसतं, त्यामुळे होजच्या तोंडाशी रात्री पाझरणारं पाणी इंजिन तापल्यावर आपोआप थांबतं. दुपारी गॅरेजमध्ये नेलेली गाडी म्हणूनच निर्दोष सुटते.

ओल दिसली तिथेच गळती, असं मानू नका. फॅन हवा रेडिएटरकडून इंजिनाकडे ओढतो, त्यामुळे पुढचा थेंब मागे उडून भलत्याच ठिकाणी बसतो. ओलीपासून वर आणि पुढे माग काढत जा. वॉटर पंपाच्या खालच्या अंगाला एक बारीक भोक असतं, ते बोटाने चाचपा. आतलं सील थकलं की पाणी तिथूनच बाहेर येतं आणि वाळल्यावर कूलंटच्या (रेडिएटरच्या पाण्यात मिसळायच्या रंगीत द्रवाच्या) रंगाची खरखरीत पापडी धरते. पापडीची लांब रेघ उतरली असेल तर पंप गेला समजा.

प्रेशर टेस्टर, म्हणजे रेडिएटरमध्ये दाब देऊन गळती दाखवणारा हातपंप, स्वतःचा नसेल तर एक दिवसासाठी मागून आणा, तुमच्या रेडिएटरच्या तोंडाला बसेल असा अडॅप्टर धरून. झाकणावर छापलेल्या आकड्याच्या वर दाब चढवायचा नाही. थंड इंजिनावर दाब देऊन पंधरा-वीस मिनिटं दाबाचा काटा उतरतो का ते बघत बसा. झाकणही तपासून घ्या. त्याची स्प्रिंग मेली की पाणी आधीच उसळून बाटलीत आणि तिथून रस्त्यावर जातं. गळती कुठेच नसते आणि पाणी मात्र कमी. झाकण उघडायचं ते पूर्ण थंड झाल्यावरच. गरम रेडिएटरचं पाणी तोंडावर उडून भाजल्याचं प्रत्येक गॅरेजला माहीत असतं, तरी लोक फडकं टाकून झाकण फिरवतातच.

बाहेर काहीच सापडलं नाही तर आतलं बघायची तयारी ठेवा. रात्रभर उभ्या गाडीच्या ऑइल चेंबरचा तळाचा बोल्ट जरासा सैल करा. आत पाणी शिरलं असेल तर ते तळाशी बसतं आणि तेलाच्या आधी बाहेर येतं. एअर ब्रेकच्या टाकीचा ड्रेनही उघडा. थोडं साधं पाणी तिथे नेहमीच निघतं, पण ते रंगीत किंवा चिकट असेल तर ब्रेकची हवा भरणाऱ्या कॉम्प्रेसरच्या हेडमधून कूलंट हवेत जातंय. पाण्याने थंड होणाऱ्या कॉम्प्रेसरची ही जागा बरेच जण तपासतच नाहीत.

तपास संपेपर्यंत रेडिएटरमध्ये हळद किंवा गळती बंद करायची पावडर टाकू देऊ नका. रस्त्यात अडकल्यावर गावापर्यंत पोचायला हळद ठीक. एरवी ती रेडिएटरच्या नळ्यांत साचते आणि जी गाडी फक्त पाणी खात होती ती तापायलाही लागते. काढलेलं कूलंट उघड्या घमेल्यात ठेवू नका, ते गोड लागतं आणि विषारी असतं, कुत्री चाटतात. परत भरायला त्याच जातीचं कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर आणून ठेवा. बोअरच्या पाण्याने आत क्षार धरतात.

सुट्या भागांत नवं झाकण, दोन्ही होज आणि चांगल्या क्लिपा आधीच घेऊन ठेवा, त्या कधी ना कधी लागतातच. पंप आणि हेड गॅस्केट मात्र निदान पक्कं झाल्यावरच आणा.