न्यूयॉर्कमध्ये भाडेकरू-कामगार-इमिग्रंट लोकांच्या कामात उतरायचं असेल तर: नवीन येणाऱ्यांसाठी माझा अनुभव

इथे शिकायला किंवा एच-वन-बी वर आलेली बरीच मराठी मुलंमुली मला विचारतात की हे सोशलिस्ट लोकांचं लोकल काम म्हणजे नक्की काय असतं, आणि आपण व्हिसावर असताना त्यात पडलं तर चालतं का. दोन्ही प्रश्न अगदी रास्त आहेत. मी न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात राहते, आमच्या बिल्डिंगच्या टेनंट असोसिएशनमध्ये, म्हणजे भाडेकरूंच्या संघटनेत, आणि डीएसएच्या आमच्या भागातल्या ब्रँचमध्ये काम करते, आणि यातलं पुष्कळसं काम मी स्वतः व्हिसावर असतानाच सुरू केलं होतं, म्हणून जे माहीत आहे ते सगळं लिहितेय.

आधी डीएसए म्हणजे काय ते सांगते कारण गोंधळ तिथूनच सुरू होतो. डेमोक्रॅटिक सोशलिस्ट्स ऑफ अमेरिका ही १९८२ साली दोन संघटना एकत्र येऊन झालेली संघटना आहे, पक्ष नाही. कित्येक वर्षं मेंबर काही हजारच होते, २०१६ नंतर तरुण लोक लोंढ्याने आले. ड्यूज म्हणजे वर्गणी मेंबर भरतात, चॅप्टरचे म्हणजे स्थानिक शाखेचे निर्णय मेंबर मतदान करून घेतात, आणि निवडणुकीत उमेदवार बहुतेक वेळा डेमोक्रॅटिक प्रायमरीत, म्हणजे त्या पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीत, उतरतात. २०१८ ला अलेक्झांड्रिया ओकासिओ-कोर्तेझ तशाच अमेरिकेच्या संसदेवर निवडून आल्या आणि २०२५ ला झोहरान ममदानी न्यूयॉर्कचे मेयर म्हणून निवडून आले ते पण याच वाटेने. निवडणुका टीव्हीवर दिसतात म्हणून नवीन माणसाला वाटतं काम म्हणजे तेवढंच. माझं मत विचाराल तर खरं काम बिल्डिंगच्या जिन्यात आणि कामाच्या ठिकाणच्या ब्रेकरूममध्ये चालतं, आणि ते शिकायला वेळ लागतो, कारण ते भाषण करायचं काम नाहीये, ऐकायचं काम आहे.

म्हणून माझा पहिला सल्ला, स्वतःच्या बिल्डिंगपासून सुरुवात करा. न्यूयॉर्क शहरात जवळजवळ १० लाख घरं रेंट स्टॅबिलाइज्ड आहेत, म्हणजे १९७४ च्या आधी बांधलेल्या आणि सहा किंवा जास्त घरं असलेल्या बिल्डिंगमधली बरीचशी, आणि आपले कितीतरी लोक अशा घरात राहतात आणि त्यांना ते माहीतच नसतं. भाडं दरवर्षी किती टक्के वाढवता येईल हे तिथे लँडलॉर्ड ठरवत नाही, रेंट गाइडलाइन्स बोर्ड ठरवतं, त्यात मेयरने नेमलेले नऊ लोक असतात. आपलं घर यात बसतं का हे बघायचा सोपा मार्ग म्हणजे राज्याच्या हाउसिंग खात्याकडून, डीएचसीआर म्हणतात त्याला, आपल्या घराची रेंट हिस्टरी मागवायची. पोस्टाने कागद येतो, त्यात वर्षावर्षाचं रजिस्टर झालेलं भाडं, त्या वेळी कोण राहत होतं, लीज कधीपासून कधीपर्यंत, असं सगळं ओळीने असतं. माझ्या घराचा कागद आला तेव्हा मी तो टेबलावर पसरून पेन्सिलने प्रत्येक वर्षाची वाढ बाजूला लिहून काढली आणि एका ठिकाणी भाडं एकदम उडी मारून वर गेलेलं दिसलं ज्याचं कारण कुठेच नव्हतं. मग शेजाऱ्यांनी त्यांचे कागद मागवले आणि तीच उडी आणखी तीन घरांत सापडली. एकट्या माणसाकडे असा कागद असला तर ती तक्रार असते, चार घरांचे कागद शेजारी ठेवले की लँडलॉर्डचा वकील फोन उचलतो. २०१९ च्या कायद्यानंतर जास्तीचं भाडं वसूल केल्याची तक्रार करताना मागची सहा वर्षं मोजता येतात, आणि मुद्दाम केलेलं निघालं तर तिप्पट रक्कम मिळू शकते, त्यामुळे हे कागद फार मोलाचे असतात.

दुसरी गोष्ट हीट, म्हणजे थंडीत लँडलॉर्डने घर गरम ठेवणं. १ ऑक्टोबर ते ३१ मे या काळात दिवसा बाहेर ५५ फॅरनहाइटच्या खाली गेलं की घरात किमान ६८ पाहिजे, आणि रात्री १० ते सकाळी ६ मध्ये बाहेर काहीही असो घरात ६२ पाहिजे. आमच्याकडे चौथ्या मजल्यावर एक बांगलादेशी आजी राहतात, सगळे त्यांना खालाम्मा म्हणतात. दार वाजवलं तर पहिल्यांदा म्हणाल्या की काही प्रॉब्लेम नाही, लँडलॉर्ड चांगला माणूस आहे. मी काहीच सांगायला गेले नाही, फक्त विचारलं की रात्री झोप लागते का. मग त्या मला किचनमध्ये घेऊन गेल्या, ओव्हनचं दार उघडं, आत गॅस चालू, समोर खुर्ची आणि खुर्चीवर शाल. थंडीत रात्रभर त्या तिथे बसायच्या. हे किती धोक्याचं आहे ते त्यांनाही कळत होतं. त्या दिवशी आम्ही एक थर्मामीटर आणि एक वही त्यांच्याकडे ठेवली, वेळ आणि तापमान लिहायचं, आणि ३११ ला, म्हणजे शहराच्या तक्रारीच्या फोन नंबरवर, तक्रार केली की तक्रारीचा नंबर पण त्याच वहीत. पुढे हाउसिंग कोर्टात एचपी केस केली, म्हणजे भाडेकरूने दुरुस्तीसाठी लँडलॉर्डला कोर्टात नेणं, तेव्हा जजने ती वही मागून घेऊन वाचली. खालाम्मा आता दुसऱ्या मजल्याची दारं स्वतः वाजवतात, आणि त्यांच्या बांगलात जे काम होतं ते माझ्या इंग्लिशमध्ये कधीच झालं नसतं.

यात शिकण्यासारखं काय आहे ते नीट बघा. दार उघडलं की आपली माहिती ओतायची नाही. ट्रेनिंगमध्ये सांगतात की ७० टक्के ऐका आणि ३० टक्के बोला, आणि मला हे आकडे अगदी बरोबर वाटतात. आधी माणसाला काय खुपतंय ते विचारायचं, मग हे कोण बदलू शकतं ते विचारायचं, मग तुम्ही एकट्याने सांगितलं तर काय होईल आणि सगळ्यांनी मिळून सांगितलं तर काय होईल हे त्यांनाच विचारायचं, आणि शेवटी एक ठोस गोष्ट मागायची, गुरुवारी लॉबीत मीटिंग आहे याल का, तुमच्या मजल्यावरच्या दोन लोकांना आणाल का. ही शेवटची मागणी लोक विसरतात, छान गप्पा मारून परत येतात आणि मग म्हणतात लोकच येत नाहीत. न्यूयॉर्क राज्यात भाडेकरूंना असोसिएशन करायचा आणि बिल्डिंगमध्येच मीटिंग घ्यायचा हक्क आहे, आणि त्याबद्दल लँडलॉर्ड त्रास देऊ शकत नाही, हे दारात सांगायला तोंडपाठ ठेवा कारण लोकांची पहिली भीती तीच असते. दुसरी भीती घराबाहेर काढतील ही असते. कोर्टाच्या ऑर्डरशिवाय कुणाला बाहेर काढता येत नाही, कुलूप बदलणं हा गुन्हा आहे. भाडं थांबवायचा संप मात्र वकिलाशी बोलल्याशिवाय आणि भाड्याचे पैसे वेगळ्या खात्यात जमा ठेवल्याशिवाय करू नका, उत्साहात केलेल्या रेंट स्ट्राइकमध्ये सगळ्यात गरीब घर आधी अडकतं.

आता कामाच्या ठिकाणचं. १९३५ च्या नॅशनल लेबर रिलेशन्स अॅक्टमध्ये युनियन असो वा नसो, दोन किंवा जास्त कामगारांनी मिळून पगार, वेळ, सेफ्टी याबद्दल बोलणं, मागणी करणं याला संरक्षण आहे. पगार किती आहे हे सहकाऱ्याला सांगणं पण यातच येतं, आणि आयटीतल्या आपल्या लोकांना हे हमखास माहीत नसतं, त्यांना वाटतं एचआरने सांगितलं म्हणजे ते गुपितच. इमिग्रेशन स्टेटस काहीही असलं तरी कायदा लागू होतो. पण शेतमजूर, घरकामगार, सुपरवायझर आणि इंडिपेंडंट काँट्रॅक्टर, म्हणजे नोकर नसून स्वतंत्रपणे कंत्राटावर काम करणारे, हे त्यातून वगळलेले आहेत, आणि शिवाय २००२ च्या हॉफमन प्लास्टिकच्या निकालात सुप्रीम कोर्टाने कागदपत्रं नसलेल्या कामगाराला बुडालेला पगार मिळणार नाही असं ठरवलं. म्हणजे ज्यांना सगळ्यात जास्त गरज त्यांच्याच बाबतीत कायदा तोकडा पडतो. याचा मला अजूनही राग येतो.

आणि म्हणूनच टॅक्सीवाल्यांची गोष्ट नवीन माणसाने आवर्जून समजून घ्यावी. न्यूयॉर्कचे यलो कॅब ड्रायव्हर कायद्याने काँट्रॅक्टर, म्हणून नेहमीची युनियन निवडणूक नाहीच. तरी १९९८ मध्ये न्यूयॉर्क टॅक्सी वर्कर्स अलायन्स उभी राहिली, भैरवी देसाई तिच्या पुढारी, आणि ड्रायव्हर बहुतेक दक्षिण आशियातले. टॅक्सीचं मेडॅलियन म्हणजे परवाना, त्याची किंमत २०१४ च्या सुमारास १० लाख डॉलरच्या वर गेली होती आणि मग कोसळली, पण ते घ्यायला काढलेलं कर्ज तसंच राहिलं, काही ड्रायव्हरांनी जीव दिला. २०२१ च्या शरद ऋतूत सिटी हॉलबाहेर तळ ठोकून बसले, मग १५ दिवसांचं उपोषण केलं, ममदानी तेव्हा राज्याच्या असेंब्लीचे, म्हणजे विधानसभेचे, सदस्य होते, तेही उपोषणाला बसले होते. नोव्हेंबरमध्ये शहराने मान्य केलं की कर्ज कमी होऊन १ लाख ७० हजारांवर येईल, त्याला शहराची हमी असेल आणि महिन्याचा हप्ता ११२२ डॉलरच्या वर जाणार नाही. कायदा बाजूने नसताना सुद्धा संघटना काय करू शकते ते यात दिसतं. सिएटलमध्ये पुण्यात जन्मलेल्या सोशलिस्ट क्षमा सावंत दहा वर्षं सिटी कौन्सिलवर होत्या, तिथे २०१४ ला १५ डॉलर मिनिमम वेजचा कायदा झाला, नंतर भाडं वाढवायला सहा महिने आधी नोटीस द्यायचा नियम आला, २०२३ ला जातीवरून भेदभावाला बंदी आली. आपल्या लोकांना हे काम परकं आहे असं कुणी म्हटलं तर ही दोन उदाहरणं सांगा.

शिकायला आलेल्यांसाठी वेगळा सोपा रस्ता आहे. २०१६ च्या कोलंबिया केसमध्ये खाजगी विद्यापीठातले टीए-आरए, म्हणजे शिकवायला आणि संशोधनाला मदत करणारे विद्यार्थी, हे कर्मचारी आहेत असा निर्णय झाला, त्यामुळे तुमच्या विद्यापीठात ग्रॅड वर्कर युनियन असेल तर तिथे जा, तिथे परदेशी विद्यार्थी भरपूर असतात आणि व्हिसाचे प्रश्न त्यांना पाठ असतात.

इमिग्रंट राइट्सच्या कामात पहिल्यांदा नो युवर राइट्स, म्हणजे आपले हक्क ओळखा, हे ट्रेनिंग घ्या आणि मग द्यायला शिका. गाभा छोटा आहे. आइसचे, म्हणजे इमिग्रेशनची धरपकड करणाऱ्या सरकारी खात्याचे, लोक दारात आले तर दार न उघडता कागद खालून सरकवायला किंवा खिडकीला लावायला सांगायचं, त्यावर कोर्टाचं नाव आणि जजची सही आहे का बघायचं. आइसचं स्वतःचं अॅडमिनिस्ट्रेटिव्ह वॉरंट असतं, त्यावर जजची सही नसते, त्यावर दार उघडायची सक्ती नाही. तरी ते घुसलेच तर अंगावर जायचं नाही, मी परवानगी देत नाही एवढं स्पष्ट बोलायचं, गप्प राहायचं, वकील मागायचा. इमिग्रेशन कोर्टात सरकार फुकट वकील देत नाही, म्हणून घरात एका कागदावर वकिलाचा नंबर, मुलांना शाळेतून कोण आणेल, औषधं कुठली, हे लिहून ठेवायला आम्ही प्रत्येक घराला सांगतो. हे काम करताना हिंदी, पंजाबी, बांगला, नेपाळी येणारा माणूस सोन्यासारखा असतो आणि आपल्याला निदान हिंदी येतेच, त्यामुळे मला काय येतं असं म्हणत मागे राहू नका.

आता व्हिसावाल्यांनी काय सांभाळायचं ते, आणि हा भाग दोनदा वाचा. ग्रीन कार्ड नसेल तर अमेरिकेतल्या कुठल्याही निवडणुकीत, सिटी कौन्सिलच्या सुद्धा, उमेदवाराला पैसे देता येत नाहीत. पगार न घेता व्हॉलंटिअर म्हणून दारं वाजवता येतात. उमेदवाराचं नाव मतपत्रिकेवर यावं म्हणून फिरवतात त्या पिटिशनवर सही करू नका, ती रजिस्टर्ड व्होटरचीच लागते, आणि मतदार नोंदणीचा फॉर्म कुणी हातात दिला तर भरू नका, मी नागरिक आहे अशी चुकीची खूण कुठेही झाली तर पुढे आयुष्यभर निस्तरत बसावं लागतं. ग्रीन कार्डच्या कायद्यात कम्युनिस्ट किंवा टोटॅलिटेरियन पक्षाच्या सदस्यत्वाबद्दल जुनं कलम आहे, नागरिकत्वाच्या एन-४०० फॉर्मवर पण त्याचा प्रश्न असतो, म्हणून कुठल्याही राजकीय संघटनेचं मेंबर व्हायच्या आधी इमिग्रेशन वकिलाशी एकदा बोला. एच-वन-बी वर नोकरी गेली तर जास्तीत जास्त ६० दिवस हातात असतात, त्यामुळे ऑफिसात पहिला आवाज तुम्हीच काढला पाहिजे असं कुणी म्हणत असेल तर त्याला नाही म्हणा. अटक व्हायची शक्यता असलेल्या निदर्शनात जाऊ नका, चांगले ऑर्गनायझर आधीच सांगतात कुठली जागा कितपत रिस्की आहे, सांगितलं नाही तर विचारा. मेंबर न होता टेनंट असोसिएशन, भाषांतर, कोर्टात सोबत जाणं, फोन करणं, जेवण आणणं, हे सगळं करता येतं, आणि डीएसएच्या हाउसिंग किंवा इमिग्रंट जस्टिसच्या मीटिंगला नुसतं येऊन बसलं तरी कुणी काही म्हणत नाही.

मीटिंगचं थोडंसं. बोलायच्या रांगेला स्टॅक म्हणतात, ठरावावर दुरुस्त्या येतात, पॉइंट ऑफ ऑर्डर वगैरे चालतं, पहिल्यांदा डोकं भणभणतं. शेजारच्याला विचारा, लोक आनंदाने सांगतात. पण फक्त मीटिंगा करणाऱ्या लोकांपासून जरा लांब राहा, आठवड्यात एकदा तरी दार वाजवणारा किंवा फोन करणारा माणूस शोधून त्याच्याबरोबर फिरा, दोन-चार वेळा नुसतं मागे उभं राहून बघा, मग पुढचं दार तुम्ही घ्या.

सुरुवात कधी करायची म्हणाल तर उन्हाळ्याच्या आधी करा. रेंट गाइडलाइन्स बोर्डाचं अंतिम मतदान बहुधा जूनमध्ये होतं, त्याआधी जाहीर सुनावण्या असतात, भाडेकरू समोर येऊन बोलतात. २०१५, २०१६ आणि २०२० ला एक वर्षाच्या लीजवर शून्य टक्के वाढ झाली ती भाडेकरूंनी खोल्या भरून टाकल्या म्हणूनही झाली. रेंट हिस्टरी आजच मागवा म्हणजे सुनावणीला हातात कागद असेल, आणि येताना मजल्यावरच्या एका तरी शेजाऱ्याला घेऊन या.